टोकियोची वारी आणि उत्तनचा सेतू

मीरा-भाईंदर हे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं शहर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, नैर्ऋत्येला गोराई-मनोरीची खाडी, आणि उरलेल्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. उत्तरेकडे जायचं तर लोकलने पाणजू बेटावरून खाडी ओलांडा, नाहीतर गाडी घेऊन घोडबंदरजवळच्या वरसावे पुलावर रांगेत उभे राहा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाची सगळी मालवाहतूक याच पुलांवरून जाते. जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली की काशीमिऱ्यापासून ठाण्यापर्यंत ट्रकांची शेपटी लागायची. मार्च २०२३ मध्ये नवा पूल खुला झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोटही सुरू झाली. दोन्हींनी थोडा श्वास मिळाला, थोडाच.

एके काळी याच खाडीत परदेशी माल उतरत होता. पोर्तुगीज अमलात अरबी घोडे घोडबंदरला उतरवले जात, असं सांगितलं जातं. १७३७ साली तिथला किल्ला मराठ्यांनी घेतला. आज इथल्या दळणवळणाचा आशियाशी जो संबंध येतो, तो घोड्यांचा नाही, कर्जाचा आहे. इथल्याच उत्तनच्या किनाऱ्यावरून निघून समुद्रातून विरार गाठणाऱ्या पुलाची बोलणी चालली टोकियोत.

ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपान सरकारचे पाहुणे म्हणून तिकडे गेले होते. त्याआधी मुख्यमंत्री असताना, सप्टेंबर २०१५ मध्येही त्यांचा जपान दौरा झाला होता आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण त्यांच्याच हस्ते झालं होतं. २०२३ च्या दौऱ्यात 'जायका'च्या, म्हणजे जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या वरिष्ठांशी वर्सोवा-विरार सागरी सेतू (तेव्हा उत्तनच्या पुलाची सुरुवात वर्सोव्याला होती) आणि मेट्रो ११ यांच्या अर्थसाहाय्यावर चर्चा झाली. असे दौरे आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या फोटोपुरते उरतात. पुष्पगुच्छ, हस्तांदोलन, मागे दोन झेंडे. फोटोनंतर कागद कसा चालतो, हे मात्र फारसं कोणी लिहीत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मुख्यमंत्री परदेशात जाऊन कर्ज मागू शकतात, घेऊ शकत नाहीत. राज्यघटनेचं कलम २९३ राज्यांना कर्ज काढण्याची मुभा देतं ती भारताच्या हद्दीत. म्हणून राज्याचा प्रस्ताव केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, तिथून तो जपानकडे रीतसर मांडला जातो. मग जायका स्वतःची तपासणी करते, दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते आणि शेवटी कर्जकरारावर सह्या होतात. जपानी कर्जातून बांधलेल्या अटल सेतूच्या वेळी कर्जदार होतं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि हमी होती भारत सरकारची. टोकियोतली बैठक म्हणजे या लांबलचक रांगेत नंबर लावणं. पण नंबर लावल्याशिवाय गाडं हलत नाही, हेही खरं.

या रांगेत भारत सगळ्यात जुना. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने परदेशाला दिलेलं पहिलं येन-कर्ज भारताच्याच वाट्याला आलं. ते वर्ष १९५८. त्याआधीच्या वर्षी जपानचे पंतप्रधान नोबुसुके किशी भारतात येऊन गेले होते आणि पंडित नेहरू जपानला गेले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रसामग्री हवी होती आणि परकीय चलनाचा खडखडाट होता. युद्धात बेचिराख झालेला देश तेरा वर्षांत दुसऱ्याला उधार देण्याइतका सावरला होता.

मुंबईशी जपानचं दळणवळण त्याहूनही जुनं, आणि ते कापसाच्या गाठींवर उभं राहिलं. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना हवा होता, पण जहाजाचं भाडं पी अँड ओ या बलाढ्य ब्रिटिश कंपनीच्या हातात होतं. टाटा आणि जपानी उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या बोलण्यांतून निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने कोबे-मुंबई मार्ग सुरू केला. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' कोबेहून निघाली. जपानचा हा पहिला दूरपल्ल्याचा नियमित जहाजमार्ग होता. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की हा नवा मार्ग बुडालाच असता, पण जपानी गिरणीवाल्यांनी आपला माल दुसऱ्या जहाजात चढवायचा नाही, असं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी मुंबईत जपानचा वाणिज्य दूतावासही उघडला.  

आता कर्जाकडे परत येऊ. जपानची शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर धावली, ऑलिंपिकच्या तोंडावर. जगातली ती पहिली बुलेट ट्रेन. त्या रेल्वेचा काही भाग उसन्या पैशावर बांधलेला होता. जागतिक बँकेकडून जपानने १९६१ साली ८ कोटी डॉलर घेतले होते आणि ते फेडता फेडता १९८१ उजाडलं. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम लहानच होती. मग घेतली कशाला? जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना धास्ती होती ती सरकार बदलण्याची. नवा मंत्री आला आणि त्याने प्रकल्प गुंडाळला तर? तेव्हाचे अर्थमंत्री एइसाकू सातो यांनी त्यावर तोड सुचवली: जागतिक बँकेचं कर्ज घ्या. एकदा परदेशी कर्जावर देशाची सही झाली की कुठल्याही सरकारला मागे फिरणं अवघड. सोगोंनी संसदेपुढे खर्चाचा अंदाजही मुद्दाम कमी मांडला होता. खर्च बाहेर आला तेव्हा, १९६३ साली, त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमाही त्यांच्याबरोबर गेले. गाडीच्या उद्घाटनाला दोघांनाही बोलावणं नव्हतं. कर्जाची पाचर मात्र आपलं काम करून गेली होती.

परदेशी कर्जाचा हा गुण व्याजदराच्या तक्त्यात दिसत नाही. मला तर तो व्याजदराहून मोठा वाटतो. महाराष्ट्राने तो दोनदा पाहिला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो ३ साठी जायकाचं कर्ज २०१३ पासून मिळू लागलं. त्यानंतर आरेच्या कारशेडवरून रान उठलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने तिथलं काम थांबवलं, पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ते पुन्हा आरेत आलं. एवढी ओढाताण होऊनही भुयारं खणणं थांबलं नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ३३.५ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचंही तसंच. डिसेंबर २०१५ मध्ये शिंझो आबे यांच्या दिल्लीभेटीत करार झाला: खर्चाच्या ८१ टक्के कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं हप्त्याची सवलत. महाराष्ट्रातलं १५६ किलोमीटरचं काम कित्येक वर्षं जमिनीवरून रखडलं, तरी प्रकल्प रद्द मात्र कुठल्याही सरकारने केला नाही. अर्थात एवढं स्वस्त कर्ज फुकट मिळत नाही. गाड्या आणि तंत्रज्ञान जपानकडूनच घ्यायचं, ही त्याची दुसरी बाजू होती.

जपानी पैशातून समुद्रावर पूल कसा उभा राहतो, याचा नमुना शिवडीहून दिसतो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. बहुतेक पूल काँक्रीटचा, पण जिथून मोठी जहाजं आणि तेलाची वाहतूक जाते तिथे खांब दाटीने उभे करता येत नाहीत. दोन खांबांत जास्तीत जास्त १८० मीटर अंतर सोडावं लागलं, आणि एवढ्या अंतरावर काँक्रीट स्वतःच्याच वजनाने जड होतं. म्हणून तिथे पोलादी पाट बसवले: वरचा पत्रा, त्याच्या पोटाला उभ्या-आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या, आणि सगळा भाग मिळून एकच पोकळ पेटी. रस्त्याचा पृष्ठभाग हाच तुळईचा भाग असल्याने वजन बरंच वाचतं. या पाटांचे सुटे भाग जपान, व्हिएतनाम, म्यानमार आणि तैवानच्या कारखान्यांत तयार झाले, जहाजातून आले, उरणजवळ करंजाला जोडले गेले, आणि तिथून अजस्र तराफ्यावर चढून खांबांवर विराजमान झाले. एका टप्प्याचं कंत्राट लार्सन अँड टुब्रो आणि जपानच्या आयएचआयकडे होतं, दुसऱ्याचं टाटा प्रोजेक्ट्स आणि दक्षिण कोरियाच्या देवूकडे. शिवडीच्या चिखलात येणारे रोहित पक्षी बिथरू नयेत म्हणून खांबांसाठी कमी आवाज करणारी छेदनयंत्रं वापरली आणि पुलाच्या कडेला ध्वनिरोधक लावले.

उत्तनच्या सेतूचा आराखडा याच अनुभवावर बेतलेला आहे. आधी तो वर्सोव्याहून निघणार होता. पण वर्सोवा ते भाईंदर हा किनारी रस्ता मुंबई महापालिकेने हाती घेतल्यावर प्राधिकरणाने सेतूची सुरुवात उत्तनला नेली. समुद्रातला मुख्य पूल २४.३५ किलोमीटर, आणि उत्तन, वसई व विरारचे जोडरस्ते धरून सगळा पसारा ५५ किलोमीटरचा. खर्चाचा आकडा ८७ हजार कोटींच्या पुढे गेला तेव्हा सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले. मार्गिका चार-चारवरून तीन-तीनवर आणल्या, आणि २०२५ च्या सुधारित आराखड्यात आकडा ५२ हजार कोटींच्या घरात आला. त्यातला सुमारे ३८ हजार कोटींचा वाटा जायकाच्या कर्जातून उभा करायचा बेत आहे. पुढे हा रस्ता डहाणूजवळच्या वाढवण बंदरापर्यंत न्यायचा विचार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या ७६ हजार कोटींच्या बंदरात कंटेनरची नऊ टर्मिनल होणार आहेत.

उत्तन, पाली, चौक ही कोळीवाड्यांची गावं. इथल्या बोटी डोल जाळ्यावर जगतात. समुद्रतळात खुंट रोवायचे, त्यांना पिशवीसारखं लांबलचक जाळं बांधायचं, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जाळ्याचं तोंड उघडेल त्याची वाट पाहायची. बोंबील, जवळा, करंदी प्रवाहाबरोबर आत येतात. बोट जाळं ओढत नाही, सगळं काम पाणी करतं. म्हणून प्रवाह जरा वळला तरी वर्षानुवर्षांची कव, म्हणजे जाळं लावायची ठरलेली जागा, निरुपयोगी होते. समुद्रात शेकडो खांब उभे राहिले की पाणी कुठे अडेल, कुठे गाळ साचेल, हा कोळ्यांचा प्रश्न पोटाचा आहे, आणि म्हणूनच त्यांनी या सेतूला विरोध नोंदवला आहे. 

इथे ती कर्जाची पाचर उलट्या बाजूनेही लागते. पर्यावरणावर मोठा परिणाम होऊ शकेल अशा प्रकल्पांना जायका 'अ' वर्गात टाकते. त्यांचा पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अहवाल करारापूर्वी १२० दिवस जाहीर करावा लागतो, बाधित लोकांशी सल्लामसलत करावी लागते, आणि नियम पाळले गेले नाहीत असं वाटलं तर दोन रहिवासीही एकत्र येऊन संस्थेच्या स्वतंत्र परीक्षकांकडे थेट तक्रार करू शकतात. गुजरातेतल्या शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये बुलेट ट्रेनच्या भूसंपादनावरून जायकाला गाठलं, तेव्हा संस्थेचे अधिकारी त्यांचं म्हणणं ऐकायला आले होते. उत्तनच्या मच्छीमार संस्थांनी तो अहवाल मराठीत मागावा, डोलीच्या जागा नकाशावर स्वतः आखून द्याव्यात, आणि खांबांच्या जागा ठरण्याआधी वेगवेगळ्या हंगामांत प्रवाहाची मोजणी व्हावी, असा आग्रह धरावा. सह्या झाल्यानंतर मोजणी करून उपयोग नाही.