दक्षिण आफ्रिकेचे घटना न्यायालय

६ सप्टेंबर १९९६ रोजी जोहान्सबर्ग येथे एक अपूर्व निकाल जाहीर झाला. लोकनियुक्त घटना समितीने त्याच वर्षी मे महिन्यात प्रचंड बहुमताने संमत केलेली राज्यघटना, आधी ठरलेल्या तत्त्वांशी ती सर्वस्वी सुसंगत नाही या कारणास्तव, घटना न्यायालयाने परत पाठविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घातली होती. येथे तर मूळ घटनाच न्यायासनासमोर उभी होती.

न्यायालयाकडे एवढा अधिकार आला कसा? त्याचे मूळ १९९० नंतरच्या वाटाघाटींत आहे. सत्ता सोडावी लागणार हे ओळखलेल्या नॅशनल पार्टीला निवडणुकीपूर्वीच घटनेचे स्वरूप निश्चित करून हवे होते. उलट, घटना लिहिण्याचा अधिकार जनतेच्या प्रतिनिधींचाच, असा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा आग्रह होता. अखेर ३४ तत्त्वे आधी मान्य करावीत, निर्वाचित समितीने त्या चौकटीत घटना लिहावी आणि चौकट पाळली गेली की नाही याचा निवाडा न्यायालयाने करावा, असा तोडगा निघाला. परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन पक्षांनी तिसऱ्याच्या हाती सोपविलेली ही ठेव होती.

हे काम जुन्या न्यायालयांवर सोपविणे शक्य नव्हते. संसदेला सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या त्या व्यवस्थेत न्यायालयांचे बळ किती तोकडे, हे पूर्वीच दिसून आले होते. केप प्रांतातील मिश्रवर्णीयांना सामाईक मतदारयादीतून वगळणारा कायदा अपील न्यायालयाने १९५२ साली अवैध ठरविला. तेव्हा सरकारने अपील न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढविली, सिनेटचाही विस्तार करून दोन-तृतीयांश बहुमत जुळविले आणि १९५६ मध्ये आपला हेतू तडीस नेला.

म्हणून अकरा न्यायाधीशांचे स्वतंत्र घटना न्यायालय स्थापन झाले. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी केले. १९६४ साली आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून ज्यांनी जन्मठेपेची शिक्षा ऐकली, तेच हे मंडेला; आणि त्या खटल्यातील त्यांच्या वकिलांपैकी एक, आर्थर चॅस्कलसन, या न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. न्यायालयापुढे प्रथम सुनावणीस आले ते देहदंडाचे प्रकरण. लोकमत फाशीच्या बाजूचे असले तरी मूलभूत हक्कांचा अर्थ लोकमताच्या कौलावर ठरत नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने जून १९९५ मध्ये खुनाबद्दलची देहदंडाची तरतूद एकमताने रद्द केली.

खरी परीक्षा मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झाली. स्थानिक शासनाविषयी खुद्द मंडेलांनी काढलेले आदेश न्यायालयाने अवैध ठरविले. जगभर वंद्य असलेल्या नेत्याला हा निकाल धुडकावणे अवघड नव्हते. त्यांनी तो जाहीरपणे मान्य केला. नव्या न्यायसंस्थेचा वचक बसण्यास हे वर्तन कोणत्याही कलमापेक्षा अधिक उपयोगी पडले, असे म्हणावे लागेल. पुढच्या वर्षी घटना समितीनेही मसुदा निमूटपणे दुरुस्त केला. ४ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने तो प्रमाणित केला, १० डिसेंबरला शार्पव्हिल येथे मंडेलांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि ४ फेब्रुवारी १९९७ पासून घटना अमलात आली.

न्यायालयाच्या शब्दामागे फौज नसते, ही मर्यादाही पुढे प्रत्ययास आली. २००० साली आयरीन ग्रूटबूम या बेघर महिलेच्या प्रकरणात शासनाचे गृहनिर्माण धोरण अपुरे ठरविण्यात आले. तो निकाल जगभर अभ्यासला गेला, पण २००८ मध्ये ग्रूटबूम यांचे निधन झाले तेव्हाही त्यांना हक्काचे घर मिळालेले नव्हते. २००२ मध्ये मातेकडून अर्भकाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणारे औषध सरकारी रुग्णालयांतून उपलब्ध करण्याचा आदेश झाला. त्याचा लाभ मात्र असंख्य बालकांना मिळाला.

२९ जून २०२१ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल पंधरा महिन्यांची कैद सुनावण्यात आली. ७ जुलैच्या रात्री ते पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर उसळलेल्या दंगलींत तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. न्यायालयाने निकाल मागे घेतला नाही.