गायरानालाही खत हवे

मृगाच्या सुमारास प्रत्येक शेतकरी आपल्या शेतात खत नेऊन टाकतो. गायरानाच्या वाट्याला मात्र ते कधीच येत नाही. जनावरे तेथील गवत खातात, शेण गोवऱ्यांसाठी गावात जाते आणि जमिनीचा कस तेवढा उतरत राहतो. मग पवन्या, मारवेल यांसारखी सकस गवते मागे पडून कुसळी माजते. तिची कुसळे जनावरांच्या तोंडाला टोचतात, आणि फुलोरा सरल्यावर तिच्यात प्रथिनेही फारशी उरत नाहीत. अशा चाऱ्यावर गाईने दूध द्यावे तरी किती?

पाऊस स्थिरावून जमीन ओलावल्यावर हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया, दोन हप्त्यांत द्यावा. पावसाविना वरच पडून राहिलेल्या युरियातील बरेच नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. गवतात स्टायलो हे द्विदल पेरल्यास त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. स्फुरद तेवढे बाहेरून पुरवावे लागते.

खत टाकल्यावर लगेच जनावरे सोडू नयेत. युरियाचे दाणे पोटात गेल्यास विषबाधा होते. खरी अडचण येथेच आहे. ज्याच्याजवळ दोन शेळ्यांखेरीज काही नाही, त्याने बंदीच्या दिवसांत कोठे जावे? म्हणून गायरानाचे भाग पाडून ते आळीपाळीने बंद ठेवावेत. कोणता भाग केव्हा बंद, हे ग्रामसभेत शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांसमक्ष ठरावे, आणि बंद भागातील गवत फुलोऱ्यात कापून नेण्याची पहिली मुभा त्यांनाच असावी.