विकिपीडियाची लवाद समिती कशी निवडतात?

इंग्रजी विकिपीडियावर लिहिणारी माणसं बिनपगारी. भांडणं मात्र होतातच, आणि जी दुसरीकडे कुठेच मिटत नाहीत ती लवाद समितीपुढे जातात. लेखात काय लिहायचं हे समिती ठरवत नाही, कोण कसं वागलं एवढंच बघते. पण एखाद्यावर बंदी घालायचा अधिकार तिला आहे. त्यामुळे तिच्यात कोण बसतं, याला फार महत्त्व.

निवडणूक दरवर्षी, वर्षअखेरीला. खरी गंमत मतपत्रिकेत आहे. आपल्याला एकाच नावापुढचं बटण दाबायची सवय. तिथे प्रत्येक उमेदवारापुढे तीन पर्याय असतात: पाठिंबा, विरोध, तटस्थ. तटस्थ मतं हिशोबात धरतच नाहीत. उरलेल्या मतांत पाठिंबा किती टक्के, त्यावर क्रम लागतो. समजा, एकीला ६०० पाठिंब्याची आणि ४०० विरोधाची मतं पडली, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्याला ५०० आणि २५०, म्हणजे जवळपास ६७. पाठिंब्याची शंभर मतं कमी, तरी तो वर! आणि ५० टक्केही मिळाले नाहीत, तर जागा रिकामी असूनही निवड होत नाही.

२००८पर्यंत हे मतदान उघड होतं, चक्क सहीनिशी. आम्हाला विचाराल तर अडचण तिथेच होती. ज्याच्या विरोधात आज सही करायची, तोच उद्या आपल्या प्रकरणाचा निवाडा करायला बसायचा. २००९पासून मतदान गुप्त झालं. एकाच माणसाने दोन खात्यांवरून मत दिलं नाही ना, हे तपासायला निरीक्षकही बाहेरच्या विकींवरून बोलावतात.