मुक्या जिवांचे अन्न आणि कायदा

एडवणच्या किनाऱ्यावरचा कुत्रा मासळीच्या डोक्यांवर आणि उरलेल्या भातावर वाढतो. घरधनी खातो तेच त्याच्या वाट्याला येते. हीच त्याची हमी. पाकिटातल्या खाद्याला ही हमी नाही. मग कायदा काय म्हणतो?

२००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने ‘अन्न’ म्हणजे माणसाच्या सेवनाचा पदार्थ, अशी व्याख्या करून पशुखाद्य वगळले आहे. कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. पण सरकारने सक्तीचे केल्यावाचून कोणतेही मानक उत्पादकाला बांधीत नाही.

२००७ साली अमेरिकेत पाळीव जनावरांच्या खाद्यात मेलामाइन सापडले. प्रथिनांचे माप नत्रावरून काढतात आणि मेलामाइनमध्ये नत्र विपुल; म्हणून ही भेसळ खपून गेली. कित्येक जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढल्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन अर्भकांच्या दुधाच्या भुकटीत निघाले. सुमारे ३ लाख मुले आजारी पडली, ६ दगावली. जनावरांच्या थाळीतला इशारा पाळण्यापर्यंत पोहोचला होता!

म्हणून संसदेने मानक सक्तीचे करावे, नमुने नियमित तपासावेत आणि दूषित माल परत घेण्याचे दायित्व उत्पादकावर टाकावे. कामगाराला युनियन असते. मुक्या जिवाला ती नाही. त्याचे मागणीपत्र आपणच लिहावयाचे आहे.