कार्ड फुकट, हेलपाटा विकत

सरकारी दरपत्रक वाचायला बसलं तर ओळखपत्राइतकी स्वस्त वस्तू बारामतीच्या मंडईतही मिळायची नाही. नवं आधार फुकट. मतदार ओळखपत्र फुकट. पॅनकार्ड १०७ रुपये. शिकाऊ परवान्याचे १५० आणि त्याच्या चाचणीचे ५०. पक्क्या परवान्याला चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००. आधारवरचं नाव, पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलायचा तर १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. आदल्या दिवसापर्यंत ५० होते. ठसे, डोळे, फोटो नव्याने द्यायचे तर १२५. एवढं असूनही बारामती-इंदापूरच्या एखाद्या वाडीवर ‘कागदं काढायला किती गेले’ म्हणून विचारलं, की उत्तर हजारांत येतं. सांगणारा फुगवून सांगत नाही. तो फक्त दरपत्रकात नसलेल्या रकमाही धरतो.

त्यातली सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे बुडालेला रोज. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ७५ रुपयांच्या दुरुस्तीसाठी एक दिवस गेला तर फीच्या चौपट मजुरी बुडाली. त्यात एसटी, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, दुपारचा वडापाव. आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं झालं, की हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

भूगोलही आडवा येतो. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. नीरा नरसिंहपूरला त्या एकमेकींना भेटतात. तिथल्या माणसाला तहसील इंदापूरला, पण जातीचा दाखला देणारे प्रांत बारामतीला. वाहन परवान्याचं कार्यालयही बारामतीलाच, म्हणून इंदापुरातल्या ट्रॅक्टरच्या पाटीवरही एमएच-४२ असतं. नुसतं इंदापूर ते बारामती अंतर पन्नासेक किलोमीटर. अर्ज आता ऑनलाइन होतात हे खरं, पण अर्जात त्रुटी निघाली की माणूस ऑफलाइनच पळतो. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तोही वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र दाखवल्यावर. म्हणजे आधार हरवलेल्या आजोबांनी दुसरं काढायला जाताना तिकीट काढून जायचं.

या सगळ्या हेलपाट्यांचं मूळ शोधत गेलं तर ते बहुतेकदा एका अक्षरावर येऊन थांबतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांत आणि चावड्यांत खासगी एजन्सींचे ऑपरेटर लॅपटॉप मांडून बसले. एजन्सीला नोंदणीमागे पैसे मिळायचे, त्यामुळे घाई होती. ज्याला जन्मतारीख सांगता येईना त्याचं वय विचारून साल टाकलं, पुढे त्याला १ जानेवारी चिकटली. त्याच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून असते, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी ती लावलेली. एका माणसाचे दोन वाढदिवस, दोन्ही त्याला न विचारता ठरलेले. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. पहिल्या दुरुस्तीत दुसऱ्या ऑपरेटरने नवी चूक केली, तर ती दुरुस्तीही मोजली जाते.

बायकांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो. समजा, पळसदेवची एक बाई. शाळेच्या दाखल्यावर ती सुरेखा, मागे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं आणि सुरेखाची सुनीता झाली. सासरच्या रेशनकार्डावर सुनीता. मतदार यादीत सुनिताबाई, कारण यादी करणाऱ्याला बाई लावल्याशिवाय चैन पडेना. बँकेत खातं उघडताना दाखला लागला म्हणून तिथे पुन्हा सुरेखा. आधारवर मराठीत बरोबर, इंग्रजीत आडनावातला ‘व’ एकीकडे ‘व्ही’ने, एकीकडे ‘डब्ल्यू’ने. गावात तिला ओळखत नाही असा माणूस नाही. कागदावर मात्र या चार बायका झाल्या, आणि चौघी एकच आहेत हे शाबित करायची जबाबदारी तिच्यावर. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला. १९९८च्या कायद्याने तो ग्रामसेवक देऊ शकतो, पण साक्षीदार हवेत, लग्नपत्रिका हवी, लग्नातला फोटो हवा. वीस वर्षांपूर्वीची पत्रिका कुणाच्या घरात असते?

या चार-चार नावांचा भार किती आहे, ते २०२४ च्या पावसाळ्यात एकदम उघड्यावर आलं. २८ जूनला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला, महिना दीड हजार रुपये, आणि तलाठी कार्यालयांसमोर, सेतूसमोर रांगा लागल्या. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र मागितलं होतं. गर्दी पाहून आठवडाभरातच सरकारने सांगितलं की १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. चांगलंच झालं. पण याचा दुसरा अर्थ असा, की अधिवासाचा दाखला नसला तरी चालण्यासारखं होतं. मागायचा म्हणून मागितला होता. जिने पहिल्या चार दिवसांत रांगेत उभं राहून पैसे खर्चले, तिला ते कुणी परत दिले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेची ई-केवायसी आली. तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला. विधवा, परित्यक्ता, वडीलही हयात नाहीत अशीने ओटीपी कुणाला विचारायचा, हा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्याला सुरुवातीला सुचला नाही.

ओटीपीचं दुखणं बायकांपुरतंच नाही. रिचार्ज मारला नाही की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच्या नावावर जातो. आधारला जोडलेला नंबर तोच असतो. नवा जोडायचा तर बहुतेकदा केंद्रावर जा, बोट टेकवा, ७५ रुपये भरा.

आणि बोट टेकवणं म्हणजे तरी काय! हंगामात कोयता धरलेल्या हाताचं बोट यंत्रावर ठेवलेलं पाहावं. उसाच्या पाचटाने तळवे चिरलेले, बोटांची टोकं घट्टे पडून गुळगुळीत झालेली. ऑपरेटर फडक्याने काच पुसतो, बोट पुसायला सांगतो. बाई बोट केसांवरून फिरवते, तेवढाच तेलाचा ओलावा. पुन्हा टेकवते. लाल. दुसरं बोट. लाल. मग अंगठा. डोळ्यांनी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आहे, पण ती त्या केंद्रातल्या, त्या यंत्रावर असेलच असं नाही. कष्टाने झिजलेली बोटं कष्टाच्या मजुरीला पात्र नाहीत, असं यंत्राचं म्हणणं.

ऊसतोड मजुरांचा विषय मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो या दोन तालुक्यांचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: दिवाळी झाली की यांच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०२५-२६चं गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं. या लोकांना वेगळं ओळखपत्र द्यायचं काम गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने सुरू झालं. महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी व्यवस्था. ओळखपत्र देतो मजुराच्या मूळ गावचा ग्रामसेवक. गाव ओस पडलेलं असताना नोंदणी व्हायची नाही; ती गावी परतल्यावर, पाऊसपाण्याच्या आत व्हायला हवी.

आता त्या टोळीत एखादं मूल जन्मतं ते पाहू. दवाखान्यात जन्मलं तर नोंद दवाखाना पाठवतो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जन्मलं तर? १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो, नोंद जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत. एकवीस दिवसांत विनाशुल्क. त्या एकवीस दिवसांत बाप पहाटे फडात असतो, रात्री गाडी भरत असतो. ग्रामपंचायत कुठल्या बाजूला आहे हेही त्याला ठाऊक नसतं, कारण मागच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या शिवारात होती. वर्षाच्या आत जाग आली तर ठीक. वर्ष उलटलं की प्रकरण जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्या आदेशावर जातं. मार्च २०२५ पासून राज्यात त्याची पडताळणी आणखी कडक झाली आहे. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शाळेला, आधारला, पुढे मतदार यादीला, परवान्याला. तेव्हा २०२४ च्या थंडीत भवानीनगरच्या एखाद्या फडावर जन्मलेली पोरगी २०३० साली बीडमधल्या शिरूर-कासारच्या शाळेत जाईल आणि तिच्या बापाला सांगितलं जाईल, ‘जिथे जन्म झाला तिथून दाखला आणा.’ कुठल्या गावच्या शिवारात कोपी होती, हे त्याला तेव्हा आठवायला हवं.

भटक्यांची गत याहून जुनी आहे. पारधी, कैकाडी अशा जमातींना सरकारने कागद दिला नाही असं नाही. दिला, पण हजेरीचा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने आला, देशभर लागू झाला. नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे पोलिसांत, गाव सोडायला परवानगी. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आता त्यांतल्या विमुक्त जातीच्या पोराला जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा मागतात. म्हणजे कायदा गेल्यावर जेमतेम नऊ वर्षांनी त्याच्या आजोबांकडे घर, उतारा किंवा शाळेत नाव असायला हवं होतं. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने त्यानंतर दहाएक वर्षांनी, दोघांनीही या लोकांकडे कागद नाहीत हे ठळक लिहून ठेवलं. आधार कायद्याचं कलम ५ तर भटक्या जमाती, असंघटित मजूर आणि कायम घर नसलेल्यांसाठी ‘विशेष उपाय’ करायला सांगतं. कायद्यात लिहिलेलं आहे. बारामतीच्या खिडकीवर ते कलम मागून पाहावं.

अशा वेळी एजंट उगवतो. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण मी त्याला पूर्ण खलनायक मानायला तयार नाही. अर्ज कुठल्या नमुन्यात भरायचा, फोटोचा आकार किती केबीचा, मतदार यादीत नवं नाव घालायला नमुना ६ आणि दुरुस्तीला नमुना ८, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या ठाऊक असण्याचेच पैसे घेतो. सरकारने कारकुनी कमी केली म्हणतात. केली नाही, ती अर्जदाराच्या अंगावर टाकली आणि अर्जदाराने ती एजंटाला ठेक्याने दिली. एजंट आत ओळख आहे म्हणून पैसे घेऊ लागतो तिथे मात्र गोष्ट बदलते, आणि ती रेघ कुठे ओलांडली जाते ते खिडकीबाहेर उभं राहिलेल्या प्रत्येकाला कळतं.

जगातही हे प्रकरण नवं नाही. अमेरिकेत इंडियाना राज्याने मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं, कार्ड फुकट देऊ केलं, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. कार्यालयात जाणं, कागद गोळा करणं, फोटो काढून घेणं, याला मोठा बोजा म्हणता येत नाही, असं मुख्य निकालपत्राचं म्हणणं. न्यायमूर्तींना महिन्याचा पगार होता. बोजा किती, हे रोजावरच्या माणसाला विचारून ठरवावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चूक ज्याची, भुर्दंड त्याचा. मूळ कागदावर नाव बरोबर असेल आणि कार्डावर चुकलं असेल तर ते ऑपरेटरने चुकवलं आहे. मग दुरुस्तीचे ७५ रुपये नागरिकाने का भरायचे, आणि त्याच्या दोन संधींतली एक का जावी? दुरुस्तीच्या अर्जात ‘चूक कोणाची’ असा एक रकाना घाला. नोंदणीच्या वेळी स्कॅन केलेला मूळ कागद यंत्रणेकडे असेल तर पडताळणी दोन मिनिटांची आहे.

कोपीवरच्या जन्मांसाठी तर नवी कल्पनाही लढवायची गरज नाही. त्याच १९६९च्या कायद्याचं कलम ९ सांगतं, की मळ्यात झालेल्या जन्माची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी मळ्याच्या अधीक्षकाची. चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडा, सिंकोना ही पिकं त्यात नावाने आहेत आणि आणखी पिकं राज्य सरकारला अधिसूचना काढून घालता येतात. ऊस घालता येईल. अडचण एकच, कलमाला मळा किमान चार हेक्टरांचा लागतो आणि आपल्याकडे एका माणसाचा फड क्वचितच तेवढा भरतो. तेवढ्यापुरती कायद्यात दुरुस्ती लागेल; ती होईपर्यंत साखर आयुक्तांचं एक परिपत्रकही पुष्कळ काम करील. कारण कोणती टोळी आज कोणत्या गटात आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला गावच्या तलाठ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तोडीची चिठ्ठी तोच देतो, रोज देतो, आणि तीवर गाव, गट नंबर आणि तारीख तिन्ही असतात.