घरातील धूर व खेळती हवा

सन २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली व खेडोपाडी गॅस पोहोचला. तरी भाकरीस व पाणी तापविण्यास पुष्कळ घरी चूल पेटतेच. धूर उष्णतेने वर चढतो. म्हणून त्यास छताजवळ वाट हवी आणि ताज्या हवेस समोरच्या बाजूने खालून. धाब्याच्या छतातील सवणे याचसाठी असते; थंडीत ते बुजवू नये.

याहून मोठा धोका डोळ्यांस दिसत नाही. दारे लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कोणीही निजू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. निजलेला मनुष्य झोपेतच दगावतो. डोके दुखू लागले, मळमळले, तर सर्वांनी तात्काळ मोकळ्या हवेत यावे व दवाखाना गाठावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट हिवाळ्यापूर्वी घरोघर सांगावी.