तोफेचा शोध आणि शोधकाचा हक्क

भारतीय सैन्यासाठी देशी बनावटीच्या ३०७ तोफा घेण्याचा करार २६ मार्च २०२५ रोजी झाला. १५५ मिलिमीटर व्यासाच्या ह्या तोफेची रचना पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने केली. २०१३ साली हाती घेतलेल्या ह्या कामाचे उत्पादन भारत फोर्ज आणि टाटा ह्या दोन खाजगी उद्योगसमूहांकडे सोपविण्यात आले. तोफा ओढून नेणाऱ्या वाहनांसह हा व्यवहार सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा आहे. शस्त्रनिर्मिती सरकारी कारखान्यांच्या भिंतीबाहेर आली, ह्याबद्दल समाधान व्यक्त होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याबरोबरच एक प्रश्न उभा राहतो. तोफेच्या एखाद्या भागात सुधारणा सुचविणारा माणूस ह्या संस्थांच्या आणि उद्योगांच्या बाहेरचा असेल, तर त्या सुधारणेवर हक्क कोणाचा?

नांदेड-लातूरच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. ह्या दोन जिल्ह्यांत तोफांचा कारखाना नाही. उदगीर, औसा आणि कंधार येथील किल्ल्यांतील जुन्या तोफा एवढाच त्यांचा तोफखान्याशी परिचय, आणि १७६० सालच्या उदगीरच्या लढाईची आठवण. असे असले तरी नांदेड येथे १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. लातुरात तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आज वायूच्या प्रवाहाचे गणित संगणकावर मांडता येते. त्याच्याजवळ तोफ नसली, तरी तोफेच्या एखाद्या भागाचा विचार करण्याची साधने आहेत.

उदाहरणादाखल ‘मझल ब्रेक’ हा भाग घेऊ. तोफेच्या नळीच्या तोंडाशी बसविलेले हे जाड पोलादी टोपण. सुमारे ४५ किलो वजनाचा गोळा सेकंदाला आठशे मीटरांहून अधिक वेगाने बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यामागून प्रचंड दाबाचा वायू धावत येतो. मझल ब्रेकच्या आतील पडदे हा वायू बाजूला आणि काहीसा मागे वळवितात. वळताना वायू पडद्यांना पुढे ढकलतो आणि तोफेला मागे बसणारा धक्का तेवढ्याने कमी होतो. मात्र मागे वळलेल्या वायूचा आवाज व दाब तोफेजवळच्या जवानांना सोसावा लागतो. म्हणजे एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूची हानी होऊ नये, असा तोल येथे सांभाळावा लागतो. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तोफखान्यातली आहे. आता ह्या टोपणाचे सुटे भाग करावेत, झिजलेला पडदा तेवढाच बदलता यावा, लहान-मोठ्या तोफांना तोच पाया चालावा, अशी जोडणीची रचना कोणी कागदावर उतरविली, तर तिला पेटंट मिळेल काय?

भारतीय पेटंट कायदा १९७० सालचा. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याच्या तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी हवी, तीत जाणकार कारागिरालाही सहज न सुचणारे असे काही हवे, आणि ती उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. शस्त्र म्हणून कोणत्याही वस्तूला ह्या कायद्याने दार बंद केलेले नाही. मूळ कायद्यात पूर्ण बंदी होती ती अणुऊर्जेशी संबंधित शोधांना. शिवाय प्रत्यक्ष तोफ तयार करून दाखवावी लागते असेही नाही. जाणकाराला ती वस्तू घडविता येईल इतके पूर्ण वर्णन आणि आकृत्या पुरेशा ठरतात.

अडचण येते ती दुसऱ्या कसोटीवर. ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी केली आणि त्यांतील प्रत्येक साधन आपापले जुने काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध मानावयाचा नाही, असे कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. सुट्या भागांच्या रचनेवर पहिला आक्षेप येईल तो हाच. मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा खटला ह्या बाबतीत मार्गदर्शक आहे. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या एका साधनाला पेटंट मिळाले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते टिकू दिले नाही. कारखान्यात काम करणाऱ्या कुशल माणसाला सहज सुचेल अशी ती सुधारणा आहे, तीत शोधाचा अंश नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तेव्हा टोपणाचे तीन तुकडे करून ते आट्यांनी जोडले, एवढ्याने भागणार नाही. ह्याउलट, समजा, सांध्याची रचना अशी आहे की वायूच्या दाबानेच तो अधिक आवळला जातो आणि तुकड्यांचा अक्ष केसभरही ढळत नाही. तर तेथे भागांच्या एकत्र येण्यातून नवे कार्य घडले, असे म्हणता येईल. हा अक्षाचा मुद्दा काल्पनिक नाही. बोफोर्सच्या आराखड्यांवर आधारलेल्या ‘धनुष’ तोफेच्या २०१७ सालच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकवर आदळल्याचे वृत्त होते. ही अडचण ज्या रचनेने खरोखर सुटेल, तिचा पेटंटवरील दावा बळकट होईल.

विद्यार्थी आणि प्राध्यापक ह्यांच्या मार्गात आणखी एक खड्डा आहे. शोध आधी प्रसिद्ध झाला की त्याचे नवेपण संपते. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला तिचा आधार मिळेलच असे नाही. आपल्याकडे मात्र आधी प्रकल्प मांडावयाचा, छायाचित्रे छापून आणावयाची आणि मग अर्जाचा विचार करावयाचा, असा उलटा क्रम दिसतो. त्यातच अर्ज अठरा महिन्यांनी नियमानुसार प्रसिद्ध झाला की ‘पेटंट मिळाले’ असे जाहीर करण्याची प्रथा पडली आहे. प्रसिद्धी ही परीक्षणापूर्वीची पायरी, मंजुरी वेगळी. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. तेव्हा पैशाची सबब आता फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती सल्ल्याची.

हे सर्व पार पडले तरी तोफेच्या शोधाची वाट पुढे वेगळ्या दिशेला वळते. पेटंटला मराठीत ‘एकस्व’ असा शब्द आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो समाज आणि शोधक ह्यांच्यातील सौदा होय. शोधकाने आपले गुपित उघड करावयाचे आणि त्याबदली समाजाने त्याला वीस वर्षे मक्ता द्यावयाचा. संरक्षणाच्या क्षेत्रात ह्या सौद्याचे दोन्ही पाय लंगडतात. गुपित उघड होणे सरकारला परवडत नाही. आणि मक्त्याचे म्हणावे तर देशात तोफेचे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. ज्याला पेटंट असतानाही स्वतःच्या कामासाठी शोध वापरण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे.

कायद्याच्या ३५व्या कलमान्वये संरक्षणाशी संबंधित शोधाची प्रसिद्धी थांबविण्याचा आदेश निघू शकतो. आदेश असेतो अर्ज प्रसिद्ध होत नाही आणि पेटंटही दिले जात नाही. दर सहा महिन्यांनी त्याचा फेरविचार व्हावा, अशी तरतूद आहे. तसेच ३९व्या कलमान्वये भारतात राहणाऱ्या व्यक्तीला पूर्वपरवानगीवाचून परदेशात प्रथम अर्ज करता येत नाही. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी हे निर्बंध आवश्यक आहेत, हे कोणीही मान्य करील. प्रश्न आहे तो निर्बंधांची किंमत कोणी मोजावयाची, हा.

ह्याचे उत्तर ३७व्या कलमात शोधावे लागते. गोपनीयतेच्या काळात सरकारने शोध वापरला, तर पेटंट दिले आहे असे मानून मोबदल्याचे नियम लागू होतात. हे न्याय्य आहे. पण सरकारने शोध वापरलाच नाही, नुसता बंद करून ठेवला, तर? तेव्हा शोधकाला झळ पोहोचली असल्यास सरकार सांत्वनापोटी काही रक्कम ‘देऊ शकेल’, एवढेच कायदा म्हणतो. अमेरिकेत १९५१ सालच्या कायद्याने अशा शोधकाला भरपाई मागण्याचा आणि ती नाकारली गेल्यास न्यायालयात जाण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे मात्र तो हक्क नसून कृपा आहे.

मोठ्या उद्योगाला ह्याचे फारसे दुःख होणार नाही. त्याचा एक शोध कपाटात गेला तरी दहा कंत्राटे त्याच्या हाती असतात. लातूरच्या तंत्रनिकेतनातील मुलाची किंवा नांदेडच्या एखाद्या प्राध्यापकाची स्थिती तशी नसते. त्याला शोध विकता येत नाही, त्याविषयी लिहिता येत नाही, आणि त्याची चाचणी घ्यावयाची तर मैदान व तोफ दोन्ही सरकारच्याच ताब्यात. शस्त्रसंशोधनात सर्वांनी सहभागी व्हावे, असे सरकार सांगते. २०१८ साली ‘मिशन रक्षा ज्ञान शक्ती’ सुरू झाले ते संरक्षण उत्पादनात बौद्धिक संपदेची जाणीव वाढावी म्हणूनच. ह्या आवाहनाला कायद्याची जोड मिळावयास हवी.

त्यासाठी फार मोठ्या उलथापालथीची गरज नाही. ३७व्या कलमातील ‘देऊ शकेल’ ह्या शब्दांच्या जागी ‘देईल’ असे घालावे आणि रकमेचा किमान दर नियमांत ठरवून द्यावा. सहामाही फेरविचाराचा निष्कर्ष अर्जदाराला कारणांसह कळवावा. गोपनीय ठेवलेल्या शोधाचा दाखला शोधकाच्या नावाने मिळावा, म्हणजे नोकरी किंवा पदोन्नतीच्या वेळी, आतील मजकूर न सांगता, तो पुढे करता येईल. विद्यापीठांनीही प्रकल्प प्रदर्शनात मांडण्यापूर्वी त्याची छाननी करणारा एक जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध ठेवावा.

मलिक-ए-मैदान ही विजापूरची विख्यात तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली. ओतणाऱ्या मुहम्मद रूमीचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. सुलतानशाहीने तोफेच्या कारागिराला एवढा मान दिला होता. लोकशाही राज्याने आपल्या शोधकाला नावाबरोबर योग्य मोबदल्याचा हक्कही द्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.